जिना उतरून दाखव

गेल्या मे महिन्यात वसईला एका लग्नात आम्ही बहरीनहून परतलेली पाच-सहा म्हातारी माणसं एका टेबलावर बसलो होतो. पीटर नुकताच बँडवर नाचून, घाम पुसत आला होता. पासष्टी कधीच उलटली, पण गडी अजून ढोपरात वाकून नाचतो. बसल्याबसल्या त्याने त्याची ती गोष्ट काढली.

“आमचा एक कोच होता, लेन. इंग्लंडात म्हणे मोठा मिडफील्डर होता. फायनलच्या दिवशी मला बाकावर बसवलं आणि स्वतः उतरला. म्हाताऱ्याला नवरा व्हायची हौस! त्या गोऱ्याने माझी फायनल खाल्ली.”

सगळे हसले. ही गोष्ट मी पन्नासदा तरी ऐकली असेल. दर वेळी खाली मान घालून पानातलं चिवडत बसते. या वेळी मात्र डोकं असं फिरलं की ताट तसंच टाकून उठले आणि रिक्षा करून घरी आले. पीटरचा राग नाही. तो बिचारा त्याला जे दिसलं तेच सांगतो. लेन त्या दिवशी मैदानात का उतरला, हे त्या टेबलावर एकट्या मला माहीत होतं, आणि चाळीस वर्षं मी तोंडात गुळणी धरून बसले होते. तेव्हा राग कोणाचा ते तुम्हीच ठरवा. मी आता सांगून टाकते.

मी तेव्हा बहरीनला, मनामातल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपी विभागात होते. राहायला उम्म अल हस्समला, चार वसईकर मुलींचा एक फ्लॅट. माझं नाव फिलोमिना, पण आपल्या माणसांत फिलूबाय. जीभ तिखट म्हणून तेव्हाही प्रसिद्ध होते. लेन पहिल्यांदा आला तो दारातूनच म्हणाला, “सिस्टर, जरा हा गुडघा बघता?”

मी म्हटलं, “सिस्टर वरच्या मजल्यावर मिळतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. तीन वर्षं शिकलेय त्यासाठी.”

तो दारातून आत आला. तिशी ओलांडलेला, बुटका, रुंद खांद्यांचा, उन्हाने नाकाची सालं निघालेला. मग म्हणाला, “बरं. मग मलाही मिस्टर म्हणू नका. कंपनीत सगळे मिस्टर लेन मिस्टर लेन करतात, मला वाटतं कोणीतरी बँक मॅनेजर मागे उभा आहे.”

टेबलावर झोपायला तयार नाही. उभ्यानेच पँट वर केली. उजव्या गुडघ्याच्या दोन्ही अंगांना जुन्या टाक्यांच्या खुणा, मांडी डाव्या मांडीपेक्षा बारीक. वाकवायला सांगितलं तर अर्ध्यावर अडकला, आणि आतून कुरमुऱ्यांवर पाय पडावा तसा आवाज आला. सांध्यातल्या दोन्ही गाद्या काढलेल्या होत्या. हाडावर हाड घासत होतं.

मी विचारलं, “इंजेक्शनं किती घेतलीत यात?”

“शनिवार मोज.”

“म्हणजे?”

“आमच्याकडे मॅच शनिवारी असते. दुपारी तीनला. दोन वाजता डॉक्टर यायचा.” हे तो हसून म्हणाला.

पुढे दोन वर्षं आठवड्यातून दोनदा तो यायचा. त्या गुडघ्यावर माझ्या हाताने फार काही होणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी शेक द्यायची, पट्टी बांधायची, आणि तो बोलायचा. सलग कधीच नाही. एक तुकडा आज, एक पुढच्या आठवड्यात. उत्तर इंग्लंडातलं कापडगिरण्यांचं गाव. पंधराव्या वर्षी क्लबात घेतलं, तेव्हा पहिली दोन वर्षं फुटबॉल कमी आणि मोठ्या खेळाडूंचे बूट घासणं जास्त. मग अकरा सीझन एकच क्लब, एकच चार नंबरचा शर्ट, दुसऱ्या-तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खाली-वर. एकदा वरच्या डिव्हिजनच्या एका बड्या क्लबने विचारणा केली होती. “आमच्याकडे मुलगी बघायला येतात ना, तसे आले,” असं मीच त्याला नंतर समजावलं, कारण त्याने सांगितलं ते अगदी तसंच होतं. आले, चहा प्यायले, त्यांच्या डॉक्टरने गुडघा वाकवून बघितला, आणि कळवतो म्हणून गेले ते गेले.

मी एकदा विचारलं, मिडफील्डर म्हणजे नक्की काय करतो. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो म्हणाला, “गोल मारणाऱ्याचं नाव पेपरात येतं. गोल अडवणाऱ्याचंही येतं. त्या दोघांच्या मध्ये जो मरेस्तोवर धावतो त्याचं नाव फक्त जखमींच्या यादीत येतं. तो मी.”

शेवटी क्लबाने त्याला काढलं ते एका ओळीच्या पत्राने. पत्र घरी आलं तेव्हा हा ट्रेनिंगला गेला होता. बायकोने फोडलं, वाचलं, आणि तो घामाघूम होऊन परत येईपर्यंत हातात धरून बसली. “त्या दिवशी सकाळी मी सहा मैल धावलो होतो,” तो म्हणाला. “त्यांच्यासाठी.” हे सांगताना तो चिडला नाही. चिडला ते मी ‘अरेरे’ म्हटल्यावर. त्याला कोणी आपली कीव केलेली चालायची नाही, आणि मला तर कीव आल्याशिवाय राहवायची नाही, म्हणून आमची सारखी भांडणं.

बहरीनला त्याला एका मोठ्या कंपनीने आणलं होतं, तिच्या टीमचा कोच म्हणून. करारात खेळाडू-कोच असं लिहिलेलं होतं, पण त्या गुडघ्याने तो काय खेळणार. टीममध्ये बहरीनी होते, मलबारी होते, दोन पाकिस्तानी, आणि आमचा पीटर. तेव्हा कंपन्यांची एकमेकांत मोठी चुरस असायची. चांगला खेळणारा दिसला की त्याला भलत्याच कामाचा व्हिसा काढून आणायचे. पीटर कागदोपत्री स्टोअरकीपर होता. स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायचा आणि संध्याकाळी ईसा टाउनच्या बाजूच्या मैदानावर खेळायचा. मैदान म्हणजे गवताचं पातंही नाही. रेतीवर पाणी मारून रोलर फिरवलेला. पडलं की कातडी सोलवटायची.

त्या मैदानाला एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्यांचा स्टँड होता, आणि लेनचं अख्खं कोचिंग त्या पायऱ्यांवर होतं म्हटलं तरी चालेल. प्रत्येक मॅचच्या आधी तो खेळाडूंना स्टँडच्या वरच्या टोकाला पाठवायचा आणि स्वतः खाली उभा राहायचा. “यल्ला, चल, जिना उतरून दाखव.” एकेकाने उतरायचं, हात कुठेही न टेकता, सावकाश. हा फक्त गुडघ्यांकडे बघायचा. कोणी जरा जरी बाजूला कलला, एखाद्या पायरीवर जरा जरी थबकला, तरी लेन यादीवर काट मारायचा. “तू बस. खलास.” मग तो कितीही चांगला खेळाडू असो, कितीही गयावया करो.

“पळताना माणूस खोटं बोलू शकतो,” तो मला म्हणाला होता. “मी अकरा वर्षं बोललो. मॅनेजर विचारायचा, लेन, कसं आहे? मी म्हणायचो, एकदम ठीक, बॉस. पण जिना उतरताना खोटं बोलता येत नाही. आमच्या मॅनेजरने मला एकदा जरी जिना उतरायला लावला असता ना.”

खेळताना कोणी चूक केली, पास चुकला, सोपा गोल घालवला, तर त्याचा आवाज चढायचा नाही. पण दुखणं लपवलेलं कळलं की त्याची तळपायाची आग मस्तकात जायची. एका मलबारी विंगरने मोडलेल्या बोटावर बूट चढवून अर्धी मॅच काढली होती, लोक टाळ्या पिटत होते. लेन मैदानात घुसला, त्याला दंडाला धरून बाहेर आणला आणि सगळ्यांसमोर ओरडला, “हीरो माफी! इथे हीरो माफी!” माफी म्हणजे तिकडच्या आखाती अरबी बोलीत ‘नाही’. त्यावरून त्याचं नावच पडलं, हीरो-माफी. लोक त्याला चिडवायचे. रेफरीसुद्धा चिडवायचा.

आता डग्लसबद्दल. हा कंपनीचा वेल्फेअर मॅनेजर, लेनसारखाच इंग्रज. टीम त्याच्या हाताखाली. पांढरीशुभ्र हाफ पँट, गुडघ्यापर्यंत मोजे, आणि बोलणं असं की साखर परवडली. मला पहिल्यापासून तो माणूस आवडला नाही आणि त्यात माझा कधी अंदाज चुकत नाही. कंपनीच्या नाताळ पार्टीला आम्हा हॉस्पिटलवाल्यांनाही बोलावलं होतं. तिथे डग्लस ग्लास हातात घेऊन उभा राहिला आणि गोष्ट सांगू लागला, की त्याने लेनला इंग्लंडात खेळताना पाहिलंय. चिखलातली मॅच, लेनचा गुडघा फुटबॉलएवढा सुजलेला, तरी शेवटच्या मिनिटापर्यंत तो वाघासारखा खेळला. “असे पुरुष आता होत नाहीत,” डग्लस म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लेन प्लेटमधला केक खात होता. त्याने तो पुरता खाल्ला. मग म्हणाला, “त्या दिवशी मला कमरेखाली पाय आहे की नाही तेही कळत नव्हतं. दुसऱ्याचा पाय बघावा तसा मी माझ्या पायाकडे बघत होतो. टाळ्या वाजवायच्या तर त्या डॉक्टरसाठी वाजवा.” बायका उगाच पदर आणि पर्स सावरू लागल्या. डग्लस हसत राहिला. पण असली माणसं विसरत नाहीत.

त्या सीझनला टीम फायनलला पोहोचली, ती बरीचशी पीटरमुळे. तो लेनच्याच जागेवर खेळायचा, मध्ये. लेन माझ्याकडे त्याचं कौतुक करायचा, त्याच्या तोंडावर कधीच नाही. फायनलच्या आदल्या सोमवारी प्रॅक्टिसमध्ये पीटरचा गुडघा आतल्या बाजूला वळला. लेनने त्याला तिथेच बसवलं आणि माझ्याकडे पाठवलं. मी बघितला. आतलं लिगामेंट चांगलंच ताणलं होतं, पाणी भरलं होतं. सहा आठवडे विश्रांती आणि व्यायाम, की जसाच्या तसा. पण त्यावर खेळला तर पुरतं तुटायची भीती. हे मी त्याला स्वच्छ सांगितलं.

पीटर रडायलाच लागला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा बाप्या माणूस. “फिलूबाय, शुक्रवारी खेळलो नाही तर मला घरी पाठवतील.” त्याचा करार त्या महिन्याअखेर संपत होता. नव्या कराराचा कागद डग्लसच्या टेबलावर होता आणि डग्लसने त्याला गोड हसून सांगितलं होतं की आधी फायनल, मग सही. सही झाली तरच व्हिसा, आणि व्हिसा झाला तरच गावाहून त्याची बायको रीटा येणार. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि दोघं मिळून दोन महिने एकत्र राहिले नव्हते.

मी लेनला फोन केला. म्हटलं, याला खेळू दे. तो म्हणाला, “तू गुडघा बघितलास ना?” मी म्हटलं, बघितला. “मग?” मी त्याला कराराचं सांगितलं, रीटाचं सांगितलं. तो म्हणाला, “डग्लसशी मी बोलीन. पण तो खेळणार नाही.”

आणि माझं डोकं सटकलं. याच्या बापाचं काय जातंय, मला वाटलं. गोरा पासपोर्ट खिशात, उद्या परत गेला तर त्याच्या गावात कोणी त्याला तोंडावर विचारणार नाही की काय रे, हाकलून दिलं का. आमच्या गावात विचारतात. चर्चच्या पायरीवर उभं करून विचारतात. तत्त्वं याची आणि पोटावर पाय आमच्या पोराच्या. रात्रंदिवस मी हेच घोकत होते. आजही तो राग मला अगदीच खोटा वाटत नाही, म्हणून सांगते.

शुक्रवारी सकाळची चर्चमधली मिसा संपली तशी मी पीटरला घेऊन मनामात एका ओळखीच्या डॉक्टरकडे गेले. आपलाच माणूस, नाव सांगत नाही. सुट्टीच्या दिवशी त्याने खास आमच्यासाठी दवाखाना उघडला. त्याने बराच वेळ टिकणाऱ्या भुलीचं आणि स्टेरॉइडचं मिळून इंजेक्शन भरलं. पीटरचा पाय थरथरत होता, म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरला. अर्ध्या तासात दुखणं पळालं. मग दवाखान्याच्या जिन्यावर मी त्याला उतरायची तालीम दिली. मान वर, कमर सरळ, दोन्ही पायांवर सारखं वजन. माझी विद्या मी अशी वापरली. दहा वेळा उतरवला. दहाव्या वेळी तो असा उतरला की कोणाच्या बापाला कळलं नसतं.

तीन वाजता मी मैदानावर होते. लेन पायऱ्यांखाली उभा. एकेक जण उतरला. सीझन संपत आलेला, सहा महिने त्या दगडासारख्या रेतीवर खेळून सगळ्यांचेच सांधे आखडलेले. बहरीनी गोलकीपर यूसुफ, टीममध्ये सगळ्यात लहान, तोसुद्धा पहिल्या दोन पायऱ्या जरा जपूनच उतरला. मग पीटर आला. झुळझुळ पाण्यासारखा उतरला. मी मनात म्हटलं, शाब्बास.

लेन त्याच्याकडे बघतच राहिला. मग मोठ्या कष्टाने, आपला मोडका गुडघा बाजूला पसरून, तो खाली बसला आणि अंगठ्याने पीटरच्या गुडघ्याची आतली बाजू दाबली. जोरात. पीटर हसत होता. लेन उठला, यादी घेतली, पीटरच्या नावावर काट मारली आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं. पीटरला एवढंच म्हणाला, “तू बस. आज मी खेळणार.”

डग्लस धावत आला. दोघांची बोलाचाली झाली, ती मला वरून ऐकू आली नाही. पण यादी द्यायचा अधिकार कोचचा, आणि करारात खेळाडू-कोच लिहिलेलंच होतं. शेवटी डग्लसने एवढं करून घेतलं की पीटर राखीव म्हणून बाकावर बसेल. लेन बाहेर आला की पीटर आत.

मी रागाने नुसती धुमसत होते. पण मॅच सुरू झाली आणि पहिल्या अर्ध्या तासात मला, फुटबॉल न कळणाऱ्या बाईला, कळलं की हा माणूस कोण होता. तो धावतच नव्हता. तो जिथे उभा असायचा तिथे बॉल यायचा. दोन स्पर्श, आणि बॉल बरोबर ज्याला हवा त्याच्या पायात. आजूबाजूची पोरं घोड्यासारखी उधळत होती आणि हा मध्ये उभा राहून जणू घरातली भांडी जागच्या जागी लावत होता. स्टँडमध्ये जे त्याला हीरो-माफी म्हणून चिडवायचे ते गप्प झाले.

मग तो गुडघा अडकला. मला लांबून दिसलं, कारण तो गुडघा माझ्या हाताखालचा होता. पुढची सगळी मॅच तो एका पायावर खेळला. बॉल सुटू लागले. लोक आधी कुजबुजले, मग हसले, मग ओरडले, “म्हाताऱ्या, बाहेर ये!” हिंदीत, अरबीत, मल्याळममध्ये. मीही ओरडले. पीटर बाकावरून उठून अंग गरम करायला लागला की लेन ताठ व्हायचा आणि दहा पावलं तरी पळून दाखवायचा. पीटर बसला की हा पुन्हा वाकायचा, मांडीवर हात टेकून. असं तीनदा झालं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा बाहेर येणार नव्हता, कारण हा बाहेर आला की पीटरला आत जावं लागलं असतं.

दुखणं लपवलं म्हणून ज्याने माणसांना भर मैदानातून ओढून काढलं, तोच ते लपवत होता. मी ओरडायची थांबले. खाली बसले. बाजूच्या बाईने विचारलं, काय झालं, तर तिच्यावरच खेकसले.

आम्ही एका गोलने हरलो. तो गोल लेनच्याच पायातून सुटलेल्या बॉलवर झाला.

दुसऱ्या दिवशी डग्लसने लेनला ऑफिसात बोलावलं. तिथलं मला कळलं ते सेलिनाकडून. ती डग्लसची टायपिस्ट, आणि आमच्याच फ्लॅटमध्ये राहायची. डग्लसने विचारलं, पीटर फिट होता की नव्हता? नसेल तर असल्या लंगड्या माणसाचा करार वाढवून कंपनी काय करणार. लेनने काय सांगावं? “पूर्ण फिट होता. जिना सगळ्यांत चांगला तोच उतरला. माझीच हौस होती, एक शेवटची मॅच खेळायची.” डग्लसला हेच हवं होतं. नाताळ पार्टीचं उट्टं त्याने तिथल्या तिथे काढलं. लेनचा करार रद्द, आठवड्याच्या आत बहरीन सोडायचं. सेलिनाने दोन कागद टाइप केले. एक लेनला काढल्याचा, दुसरा पीटरच्या नव्या कराराचा. दोन्हींवर डग्लसने एकाच बैठकीत सह्या केल्या.

पाच-सहा दिवसांत अख्ख्या बहरीनभर ती गोष्ट झाली, म्हाताऱ्याच्या हौसेची. पीटरनेही तीच सांगितली. त्याला अजून खरंच वाटतं की त्या दिवशी तो ठणठणीत होता. दुखत नव्हतं ना. पुढचे सहा आठवडे मी त्याचा पाय चोळून बरा केला, ते त्याला धड आठवतही नाही. तीन महिन्यांनी रीटा आली.

जायच्या आदल्या दिवशी लेन माझ्या विभागात आला, फायनलनंतर नेलेल्या हॉस्पिटलच्या कुबड्या परत करायला. एक कुबडी ठेवली, दुसरी ठेवताना टेबल धरावं लागलं. मी खुर्ची सरकवली. बसला नाही.

मी म्हटलं, “तुला कसं कळलं?”

“फार छान उतरला,” तो म्हणाला. “यूसुफचे गुडघे कुरकुरतात, माझ्या सगळ्या पोरांचे कुरकुरतात. सोमवारी सुजलेला गुडघा शुक्रवारी असा उतरत नाही. मी दाबला तेव्हा तो हसला. असं हसणं मी आरशात पाहिलंय.” मग म्हणाला, “तो कंपनीत आहे तोवर कोणाला बोलू नकोस. त्यालाही नाही. त्याच्या पोटात राहणार नाही.”

मी मान डोलावली. मग मला राहवेना. म्हटलं, “मी नेलं होतं त्याला.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. हे त्याला माहीत नव्हतं. दोन वर्षांत तो चेहरा मी इतका जवळून बघितला होता, पण असा कधी नाही. ओरडेल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते.

“पाय कोणी धरला?” त्याने विचारलं.

“मी.”

तो खिडकीकडे वळला. पार्किंगमध्ये कोणाची तरी गाडी चालू होत नव्हती.

“आमच्या क्लबात एक बाई होती,” तो म्हणाला. “डॉक्टर सुई भरायचा, ती पाय धरायची. फार चांगली बाई. माझी आई आजारी होती तेव्हा घरी येऊन तिच्याजवळ बसायची. अजूनही दर नाताळाला मला कार्ड पाठवते.”

मी विचारलं, “काय लिहिते?”

“माहीत नाही. मी उघडत नाही.”

एवढं बोलून तो वळला आणि भिंतीला हात लावत, व्हरांड्यातून हळूहळू निघून गेला. मी दारापर्यंत गेले नाही.

बारा वर्षांनी पीटरने ती कंपनी सोडली. माझ्या तोंडावरचं कुलूप त्या दिवशी निघालं होतं, तरी मी गप्पच राहिले, आणि पुढेही राहिले. लेनचा इंग्लंडचा पत्ता त्याच्या केसपेपरवर होता. तो गेला त्याच दिवशी मी उतरवून घेतला होता, अजून माझ्याकडे आहे. दर नाताळाला मी पीटरच्या घरी फराळाचा डबा नेते. लेनला मी आजवर एकही कार्ड पाठवलेलं नाही.